घरच्या आजारपणाचा खर्च: तो कोणाच्या खात्यात पडतो आणि कसा मोजायचा

घरातलं माणूस दीर्घकाळ आजारी पडलं किंवा वयोमानाने परावलंबी झालं की औषधांची बिलं जपून ठेवली जातात आणि रुग्णालयाचा खर्च भावंडांत वाटून घेतला जातो. रोज अंघोळ कोण घालणार, रात्री कोण उठणार, डॉक्टरकडे कोण नेणार, हे मात्र ठरवायला कोणी एकत्र बसत नाही. मुलगी, सून, बायको किंवा बहीण, कोणीतरी एक जण ते करायला लागते आणि करत राहते. तिचे तास, तिचा पगार, तिची पाठ आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद यांची नोंद कुठेच होत नाही. नोंद नाही म्हणून तो खर्चच नाही असं घर धरून चालतं, आणि मग तो कमी करावा असंही कोणाला सुचत नाही. हा हिशेब कसा मांडायचा ते इथे सांगितलं आहे. तो नोकरी सोडण्याआधी मांडला तर उपयोगाचा. नंतर मांडला तर बहुतेक वेळा हळहळच उरते.

व्याप्ती आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली काढलेल्या अंदाजानुसार जगात रोज सुमारे १,६४० कोटी तास बिनपगारी घरकाम आणि काळजी घेण्यात जातात. त्यातला ७६.२ टक्के वाटा स्त्रियांचा. सरासरीने स्त्री दिवसाला ४ तास २५ मिनिटं देते, पुरुष १ तास २३ मिनिटं. याच संघटनेच्या २०२४ च्या आकडेवारीत काळजीच्या जबाबदारीमुळे कामाच्या बाजारापासून बाहेर राहिलेल्या स्त्रिया ७०.८ कोटी होत्या, पुरुष ४ कोटी.

देशही मोजत नाही

घर जे करतं तेच देशही करतो. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य उत्पादन म्हणून धरतात. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस जणू स्वतःलाच भाडं देतो असं मानून ते काल्पनिक भाडंही धरतात. पण त्याच घरात आईला भरवणं, तिचं अंग पुसणं, कूस बदलणं यातलं काहीच धरत नाहीत. हेच काम पगारी परिचारिकेने केलं की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये या पद्धतीवर सविस्तर टीका केली. २०१३ साली कामगार-सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशा श्रमांना ‘काम’ मानलं. ‘रोजगार’ मात्र मानलं नाही. पेन्शन, रजा, विमा हे सगळं रोजगाराला जोडलेलं असतं, त्यामुळे हा फरक फार महाग पडतो.

तास कसे मोजायचे

‘दिवसभर त्यांच्याचकडे असते’ या वाक्यावरून काही ठरवता येत नाही. आधी माणूस किती परावलंबी आहे ते पाहावं. त्यासाठी सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामांची यादी आजही वापरतात: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, अंथरुणातून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणात येणं, मलमूत्रावर ताबा, आणि जेवणं. प्रत्येक कामापुढे ‘स्वतः करतात’ की ‘मदत लागते’ एवढंच लिहायचं. दुसरी यादी घराबाहेर डोकावणाऱ्या कामांची: औषधं, पैशांचे व्यवहार, फोन, प्रवास, खरेदी, स्वयंपाक. स्मृतिभ्रंशात दुसऱ्या यादीतली कामं आधी हातातून जातात. माणूस चालतंबोलतं दिसतं, म्हणून बाहेरच्यांना सगळं ठीक वाटतं. घरी मात्र एक जण सतत मागे असते.

मग सात दिवसांची वही घालावी, रात्रींसह. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आणि चार रकाने: काय केलं, त्याच वेळी आणखी काय चालू होतं, मदतीला दुसरं कोणी होतं का, आणि या अर्ध्या तासात घराबाहेर जाता आलं असतं का. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. प्रत्यक्ष हातांनी करायचं काम साडेतीन-चार तासांचं भरेल, आणि चौथ्या रकान्यात ‘नाही’ मात्र सोळा-सतरा तास लागेल. बांधून ठेवतो तो हा दुसरा आकडा. काम सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार, रात्री नऊ आणि पुन्हा अडीच असं विखुरलेलं असतं, म्हणून ‘तसं फार काम नाही, अर्धवेळ नोकरी तर करता येईल’ हा सल्ला प्रत्यक्षात बसत नाही. वेळेच्या वापराच्या सरकारी पाहण्याही याच जागी कमी पडतात. स्वयंपाक करता करता दुसऱ्या खोलीकडे कान लावून बसणं त्यांत ‘स्वयंपाक’ म्हणूनच नोंदलं जातं.

वही चुकते ती तीन कारणांनी. रात्री झोपताना आठवून लिहिली तर छोटी कामं गळतात. बऱ्या आठवड्यात लिहिली तर आकडा फसवा येतो. आणि जी करते ती स्वतःच बऱ्याच गोष्टी कामात धरत नाही: औषध दुकानात फोन, अहवाल शोधणं, रागावलेल्या माणसाची समजूत काढणं. म्हणून सातपैकी दोन दिवसांची वही घरातल्या दुसऱ्याने लिहावी, शक्यतो अशा माणसाने जो एरवी दिवसभर बाहेर असतो.

पगार गेला, पण तेवढाच गेला नाही

नोकरी सोडताना घरात होणारी बेरीज साधी असते: महिन्याचा पगार गुणिले महिने. ती चुकीची आहे, आणि किती चुकीची आहे ते एका उदाहरणातून पाहू. चलन कुठलंही धरा. आपण एकक म्हणू.

४५ वर्षांची स्त्री महिन्याला १०० एकक मिळवते, म्हणजे वर्षाला १,२००. महागाई वजा करून पगार वर्षाला २ टक्के वाढतो. ती ६० व्या वर्षी निवृत्त होणार. नोकरी चालू राहिली तर पंधरा वर्षांत सुमारे २०,७५० एकक मिळतील. आता तिने पाच वर्षं नोकरी सोडली आणि पन्नाशीला परतली. मधल्या पगारवाढी मिळालेल्या नाहीत, आणि खंड पडल्यामुळे जुन्या पगाराच्या ८० टक्क्यांवर सुरुवात करावी लागली. पुढच्या दहा वर्षांत तिला मिळतील सुमारे १०,५०० एकक. तोटा जवळजवळ १०,२४० एककांचा. म्हणजे खंड पाच वर्षांचा, पण गेला साडेआठ वर्षांचा पगार.

निवृत्तीची साठवण याहून वाईट मार खाते. पगाराच्या २० टक्के रक्कम दरवर्षी बाजूला पडते आणि महागाई वजा जाता तिच्यावर ३ टक्के परतावा मिळतो असं धरू. खंड नसेल तर या पंधरा वर्षांच्या साठवणीतून साठीला सुमारे ५,०९० एकक जमतात. खंड पडला तर सुमारे २,४००. पंधरातली पाच वर्षं, म्हणजे एक तृतीयांश काळ गेला, पण साठवण निम्म्याहून जास्त आटली. कारण गेलेली वर्षं सुरुवातीची आहेत, आणि ज्या रकमेला वाढायला सर्वांत जास्त वेळ मिळाला असता तीच भरली गेली नाही. परतल्यानंतरच्या दहा वर्षांत ही खोट भरून काढायची तर तिला पगाराच्या २० ऐवजी सुमारे ४२ टक्के बाजूला टाकावे लागतील. घटलेल्या पगारातून ते कोणाला जमणार?

त्यात अडचणीच्या वेळी जुनी साठवणही काढून घेतली तर नुकसान आणखी वाढतं. घरखर्चासाठी स्वतःचा भविष्य निर्वाह निधी मोडणं ही सर्वांत महाग उधारी आहे, कारण ती परत करायला कोणी बांधील नसतं.

यावर रोजचा किरकोळ खर्च: डायपर, रिक्षा-टॅक्सी, जादा कपडे धुणं, हातमोजे, पथ्याचं खाणं. रुग्णालयाची मोठी बिलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. ही छोटी तिच्या पाकिटातून जातात. वेगळं खातं किंवा निदान वेगळं पाकीट ठेवावं, सर्व भावंडांनी त्यात दरमहा ठरलेली रक्कम आगाऊ टाकावी. झालेला खर्च नंतर मागायला लावलं की ती मागतच नाही.

‘तिचाच पगार कमी, तर तिनेच सोडावी’

हे वाक्य ऐकायला व्यवहारी वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबू या. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनातून दिसलं की आज एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतली दरी बऱ्याच अंशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते. जिथे अवेळी, लांब तास उपलब्ध राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त मोबदला मिळतो, अशा पेशांत ती जास्त असते. म्हणजे तिचा पगार कमी आहे त्याचं एक मोठं कारण आधीची काळजी हेच आहे. मुलांसाठी घेतलेल्या विश्रांतीमुळे पगार घटला, घटलेल्या पगारामुळे सासऱ्यांसाठी तिनेच थांबायचं ठरलं, आणि त्या दुसऱ्या खंडानंतर तिसऱ्या वेळीही तीच ‘स्वस्त’ ठरणार. गणित दर वेळी बरोबर येतं, कारण त्यात घातलेला आकडा आधीच्या गणिताने घडवलेला असतो.

दुसरी चूक आणखी सर्रास होते. ‘माणूस ठेवायचं तर तिचा अख्खा पगार त्याच्यावरच जाईल’ असं म्हणताना पगारी माणसाचा खर्च एकटीच्या पगारातून वजा केला जातो. आजारी माणूस सगळ्या घराचं आहे, तेव्हा तो खर्च घराच्या एकूण उत्पन्नातून, आणि वेगळं राहणाऱ्या भावंडांच्याही उत्पन्नातून वजा व्हायला हवा. शिवाय तुलनेत फक्त हातात येणारा पगार धरतात. पगारवाढ, निवृत्ती-वर्गणी, मालकाकडून मिळणारा आरोग्य विमा आणि परतताना बसणारी कपात धरत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीसाठी पगारी माणूस तिच्या पूर्ण पगाराइतकं महाग असलं, तरी निवृत्तीपर्यंतच्या पंधरा वर्षांच्या हिशेबात नोकरी टिकवणं फायद्याचंच ठरतं.

अर्थतज्ज्ञ घरच्या शुश्रूषेची किंमत मुख्यतः दोन रीतींनी काढतात. एक, त्या स्त्रीने त्या वेळात बाहेर किती कमावलं असतं ते धरून. दोन, तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायला किती लागलं असतं ते धरून. त्यातही साधा मदतनीस धरायचा की प्रशिक्षित परिचारिका, यावर आकडा बदलतो. पहिल्या रीतीने कमी शिकलेल्या स्त्रीची सेवा स्वस्त आणि डॉक्टरीणबाईंची महाग ठरते, सेवा तीच असली तरी. घरच्या वाटणीसाठी आमचा कौल दुसऱ्या रीतीला आहे. मात्र नोकरी सोडावी की नाही हे ठरवताना पहिलीच लागते.

शरीराचा हिशेब

पाठीपासून सुरुवात करू, कारण तिथली इजा बहुतेक वेळा टाळता येते. रुग्ण हलवताना एका व्यक्तीने हातांनी उचलायच्या वजनाची मर्यादा अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संशोधनातून २००७ मध्ये ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो काढली गेली, आणि तीही परिस्थिती अनुकूल असताना. ६० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण १० किलोचा असतो. म्हणजे अंथरुणातून खुर्चीत ‘उचलून’ बसवणं हे कुठल्याही एका माणसाचं काम नाही, ती कितीही धडधाकट असो. उचलायचं नाही, सरकवायचं: अंगाखाली घसरती चादर, कमरेला धरायचा पट्टा, अंथरुणातल्या अंथरुणात सरकवताना पलंगाची उंची काम करणारीच्या कमरेइतकी, खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला. सगळ्यात जास्त इजा होते ती रुग्ण घसरायला लागल्यावर त्याला वरच्या वर झेलायला गेल्याने. फिजिओथेरपिस्टकडून एकदा घरी येऊन हे शिकवून घ्यावं, आणि तेव्हा घरातले सगळे प्रौढ हजर असावेत. एकटीच शिकली तर ते काम कायमचं तिचंच होतं.

ताण शरीरात किती खोल जातो याची एक मोजणी १९९५ मध्ये झाली. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या त्वचेवर सारख्याच आकाराची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. काळजी घेणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. गट लहान होता, पण मोजमाप नेमकं होतं. १९९९ मधल्या एका अभ्यासात जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवत असलेल्या ज्येष्ठांचा चार वर्षांतला मृत्युदर ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. काळजी घेत असूनही ताण नसलेल्यांमध्ये मात्र तशी वाढ दिसली नाही. हा फरक नीट लक्षात घ्यावा. सेवा करण्याने माणूस खचतं असं नाही. सुटका नसलेल्या, एकटीवर पडलेल्या सेवेने खचतं.

तो ताण मोजायला झारिट यांची प्रश्नावली आहे: २२ प्रश्न, ० ते ८८ गुण. २० पर्यंत ताण कमी, २१ ते ४० सौम्य ते मध्यम, ४१ ते ६० मध्यम ते तीव्र, त्यापुढे तीव्र. दर तीन महिन्यांनी भरून तारखेसह ठेवली तर ‘तू हल्ली चिडचिड करतेस’ या वाक्याच्या जागी घरासमोर एक आकडा ठेवता येतो. गुण वाढत असतील, किंवा आजारी माणसावर हात उगारावासा वाटला, जगणं नकोसं वाटलं, तर वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावं. हे वाटणं अपराध नाही, थकव्याची खूण आहे.

रात्र कमी करा

घरची व्यवस्था कोसळते ती बहुतेक वेळा रात्रीच्या जागरणाने. दिवसाची दहा कामं निभावतात. रात्री तीनदा उठणं महिनोनमहिने निभावत नाही. म्हणून वही हातात आली की पहिली विचारणा रात्रीबद्दल करावी: कशासाठी उठावं लागतं?

लघवीसाठी असेल तर लघवी वाढवणारी गोळी कुठल्या वेळी दिली जाते ते डॉक्टरांना दाखवावं; ती सकाळी देता येते का हे विचारावं. पायावर सूज असेल तर दुपारी पाय उंच ठेवून पडल्याने काही पाणी दिवसाच उतरतं. पलंगाशेजारी कमोड खुर्ची किंवा भांडं ठेवल्याने पडण्याचा धोकाही घटतो. कूस बदलण्यासाठी असेल तर दाब विभागणारी गादी आणावी. ‘दर दोन तासांनी’ हा नियम सरसकट नाही, त्वचेची अवस्था आणि गादी पाहून रात्रीचं अंतर किती ठेवायचं ते परिचारिकेकडून ठरवून घ्यावं. वेदनेसाठी असेल तर वेदनाशामक अपुरं पडतंय. रात्री भटकणं असेल तर दिवसाची झोप, काळोख, अचानक वाढलेला गोंधळ यांकडे पाहावं. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवं औषध कारण असू शकतं, आणि त्यासाठी लगेच दाखवायला हवं.

औषधांच्या वेळांचंही तसंच. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जमा होत जातात आणि दिवसातून पाच-सहा वेळा गोळ्या द्याव्या लागतात. सगळी औषधं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि दोनच प्रश्न विचारावेत: यातलं आता कुठलं लागत नाही, आणि उरलेली तीन वेळांत बसतील का. आपल्या मनाने एकही बंद करू नये.

नोकरीचा निर्णय शिखरावर घेऊ नये

पक्षाघात, हाड मोडणं, मोठी शस्त्रक्रिया यांनंतरचे पहिले आठवडे सर्वांत जड असतात, आणि राजीनामे बहुतेक तेव्हाच दिले जातात. पक्षाघातात बहुतांश सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना, ती तशीच कायम राहील असं धरून, मागे न घेता येणारा निर्णय होतो. शिल्लक रजा, बिनपगारी रजा, रात्रीसाठी पगारी माणूस, दूरच्या भावंडांची आळीपाळी, काहीही करून हे तीन महिने काढावेत आणि मग वही पुन्हा भरून ठरवावं.

मालकाशी बोलताना ‘घरी अडचण आहे’ एवढ्यावर थांबू नये. नेमकं मागावं आणि लेखी मागावं: मंगळवार-शुक्रवार घरून काम, किंवा सकाळी तास उशिरा येऊन संध्याकाळी भरपाई, मुदत तीन महिने, नंतर फेरविचार. मुदत असलेली मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. तासांत कपात घेत असाल तर पेन्शन आणि विम्यासाठी किमान किती तास लागतात ते आधी पाहावं. दोन तासांच्या फरकाने विमा जाऊ शकतो.

सोडावीच लागली तर सोडण्याआधीची कामं: आरोग्य विमा एका दिवसाचाही खंड न पडता दुसरीकडे लावणं, पेन्शनसाठी किमान सेवेची अट पूर्ण व्हायला किती महिने उरलेत ते तपासणं, अनुभवपत्र घेणं, व्यावसायिक परवाना किंवा नोंदणी चालू ठेवणं, निवृत्तीची रक्कम जागेवर राहू देणं.

मदत नको, विभाग घ्या

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याने काम कमी केलेलं नसतं; सांगण्याचं आणखी एक काम वाढवलेलं असतं. वाटणी पूर्ण विभागांची करावी. औषधं ज्याच्याकडे, त्याने साठा पाहणं, आणणं, डब्यात भरणं, डॉक्टरांना विचारणं सगळं करायचं. विमा आणि बिलं ज्याच्याकडे, त्याने अर्जापासून पाठपुराव्यापर्यंत. परगावी असलेल्या भावंडाला हे दोन्ही विभाग उत्तम झेपतात. शिवाय वर्षातून दोनदा येऊन प्रत्येक वेळी आठवडा-दोन आठवडे संपूर्ण ताबा घ्यायचा, आणि त्या काळात तिने घराबाहेर असायचं.

पैशांची वाटणी करताना सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय म्हणजे तिची निवृत्ती-वर्गणी इतरांनी भरणं. वरच्या उदाहरणात खंडाच्या पाच वर्षांत भावंडं मिळून फक्त ती २० टक्के रक्कम, महिन्याला सुमारे २० एकक, तिच्या नावावर भरत राहिली, तर साठीची साठवण २,४०० ऐवजी सुमारे ४,१८० होते. अपेक्षित रकमेच्या ४७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर. दोन-तीन भावंडांत विभागल्यावर हा आकडा जड नाही.

हे सगळं एका कागदावर लिहून घ्यावं: कोण काय करणार, तिला दरमहा किती आणि कोण देणार, सुट्ट्या किती, आजारी माणूस रुग्णालयात गेलं तर काय, ती स्वतः आजारी पडली तर काय, फेरविचार कधी. रक्कम बँकेतून द्यावी म्हणजे नोंद राहते आणि पुढे वारसाहक्काच्या वेळी ‘तिने परस्पर पैसे घेतले’ असा आरोप टिकत नाही. कर आणि वारसा यांचे नियम जाणकाराकडून तपासून घ्यावेत. ‘घर शेवटी तुलाच आहे’ या तोंडी आश्वासनावर वर्षं काढणं सर्वांत धोक्याचं. मृत्युपत्र बदललेलं नसतं, किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर बदललं म्हणून त्याला आव्हान मिळतं. जे द्यायचं ते माणसाची समज शाबूत असताना कागदावर यावं.

सुटीबद्दल एक व्यवहारी गोष्ट. बदली माणूस अडचणीसाठी राखून ठेवलं की ते कधीच वापरलं जात नाही, आणि अडचणीच्या दिवशी अनोळखी ठरतं. आठवड्यातून एक ठरलेली दुपार घ्यावी, आधी दोनदा तिच्यासोबत त्या माणसाने काम करावं, आणि भिंतीवर एक पान लावावं: औषधांच्या वेळा, कशाची ॲलर्जी, कसं उठवायचं, कशाने चिडतात, कशाने शांत होतात, फोन क्रमांक. त्या दुपारी तिने साठलेले कपडे धुतले तर ती सुटी झाली नाही.

कायदा कुठे काय करतो

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पात्र नोकरदारांना वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून एक आठवडा, तोही बिनपगारी. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने वर्षाला किमान पाच कामाचे दिवस. जपानमध्ये प्रत्येक आप्तामागे ९३ दिवस, तीन भागांत घेता येतात, आणि रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के मिळतात. बाळंतपणाला तारीख असते. म्हातारपणाच्या आजाराला नसते, म्हणून नुसत्या रजेने हा प्रश्न सुटत नाही.

आम्हाला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती जर्मनीची रीत. तिथे १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. घरच्या माणसाची आठवड्याला किमान १० तास, किमान दोन दिवसांत विभागून, काळजी घेणाऱ्या आणि बाहेर ३० तासांहून जास्त काम न करणाऱ्या व्यक्तीची पेन्शन-वर्गणी हा विमा भरतो; आजारी माणसाची परावलंबनाची पातळी मात्र ठरलेल्या मर्यादेपुढची असावी लागते. म्हणजे वर भावंडांनी भरायची म्हटलेली रक्कमच तिथे व्यवस्था भरते.

माणूस गेल्यानंतर

मृत्यूनंतर भेटायला येणारे आजारी माणसाबद्दल बोलतात. ती कुठे राहणार आणि कशावर जगणार हे लगेच कोणी विचारत नाही. आजारी माणसाची पेन्शन थांबते, सरकारी भत्ता असेल तर तोही थांबतो, आणि घर इतरांच्याही नावावर असेल तर काही महिन्यांत विकण्याचा विषय निघतो. म्हणून त्या लेखी कागदात आणखी एक ओळ आधीच घालावी: मृत्यूनंतर किमान सहा महिने तिचं राहणं आणि दरमहाची रक्कम चालू राहील.

त्या सहा महिन्यांत तिने स्वतःची राहिलेली तपासणी करून घ्यावी: रक्तदाब, साखर, डोळे, दात, पाठ, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी. नोकरीच्या अर्जात खंडाची वर्षं मोकळी सोडू नयेत. ‘पूर्णवेळ कौटुंबिक शुश्रूषा’ अशी सरळ नोंद, पुढे वर्षं, आणि त्या काळात केलेला अभ्यासक्रम किंवा चालू ठेवलेला परवाना. पगार ठरवताना जुना पगार विचारला तर जुन्या आकड्यावर थांबू नये. त्याच पदाचा आजचा पगार काय आहे ते काढून त्यावरून बोलणी सुरू करावीत. परतताना मान्य केलेली २० टक्क्यांची कपात पुढच्या प्रत्येक पगारवाढीत आणि प्रत्येक वर्गणीत निवृत्तीपर्यंत सोबत येते.